दंडासाठी इन्सुलिन : जिवाशी जुगार

वाकडला भुमकर चौकापासून डांगे चौकापर्यंत चालत गेले तर जागोजागी जिमच्या पाट्या दिसतात. हिंजवडीच्या कंपन्यांतला तरुण तेथे येतो, तसाच वस्तीतला, कंत्राटावर राबणारा, सुरक्षारक्षक किंवा बाउन्सरची नोकरी शोधणारा तरुणही येतो. अशा नोकरीत आधी छाती आणि दंड पाहिले जातात. त्यामुळे शरीर हेच आमच्या मुलांचे भांडवल झाले आहे. व्यायामाला आमचा विरोध नाही. निकोप, बळकट तरुण समाजाला हवेच आहेत. पण हे भांडवल झटपट फुगविण्यासाठी जे मार्ग दाखविले जातात, त्यांबद्दल गप्प बसणे आम्हाला मान्य नाही.

स्टिरॉइडबद्दल थोडेफार बोलले जाते, इन्सुलिनबद्दल कोणी बोलत नाही. मधुमेह नसलेले लोकही शरीरसौष्ठवासाठी हे इंजेक्शन टोचून घेतात. काही आठवडे घ्यायचे, काही आठवडे थांबायचे. याला जिमच्या भाषेत 'सायकल' म्हणतात. इन्सुलिनमुळे साखर स्नायूंत शिरते, म्हणून दंड लवकर भरतील, असा हिशेब असतो. पण रक्तातली साखर ही मेंदूचीही भाकरी आहे. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते. ५४ च्या खाली गेली तर धोका गंभीर होतो. माणूस बरळू लागतो, झटके येतात, शुद्ध हरपते. वेळेत साखर मिळाली नाही तर मेंदूला कायमची इजा होते किंवा जीव जातो. झोपेत असे झाले तर शेजारी निजलेल्यालाही पत्ता लागत नाही. दारू प्यालेली असेल तर धोका आणखी वाढतो. मध्ये चार आठवडे थांबल्याने पुढची सुई निर्धोक होत नाही.

आपल्याकडे इन्सुलिन ४० युनिटचेही मिळते आणि १०० युनिटचेही. १०० युनिटचे औषध ४० च्या सिरिंजने मोजले तर अडीचपट डोस अंगात जातो. डॉक्टर मधुमेहाच्या रुग्णाला हे समजावून सांगतात. जिममध्ये चोरून घेणाऱ्याला कोण सांगणार? वर एकच सुई दोघांनी वापरली तर कावीळ आणि एचआयव्ही यांची लागण होण्याची भीती.

बाबासाहेबांना मधुमेह होता. १९४८ च्या सुमारास पाय दुखून त्यांना रात्रीची झोप मिळेना, तेव्हा त्यांनाही इन्सुलिन घ्यावे लागले. १९२१ साली टोरांटोत लागलेल्या या शोधाने जगभरच्या कोट्यवधी रुग्णांना आयुष्य दिले. ते आजाऱ्याचे औषध आहे. धडधाकट तरुणाने ते टोचून घेणे म्हणजे स्वतःच्या हाताने आजार ओढवून घेणे होय. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत इन्सुलिनवर बंदी आहे. म्हणजे ज्या स्पर्धेसाठी हा जुगार खेळायचा, तेथेही पकडले गेलो तर पदक जाणार.

इन्सुलिन डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे, असे औषधविषयक नियम सांगतात. मग धडधाकट मुलांच्या हाती ते येते कसे, याचा जाब अन्न व औषध प्रशासनाने औषध दुकानदारांना आणि जिमचालकांना विचारला पाहिजे. केवळ मुलांना दोष देऊन भागणार नाही. शरीर पाहून नोकरी देणारा ठेकेदार आणि आठ आठवड्यांत शरीर कमावून देतो म्हणणारा प्रशिक्षक, हेही यात वाटेकरी आहेत.

तोवर प्रत्येक घराने आणि प्रत्येक मित्रमंडळाने एवढे लक्षात ठेवावे. मुलगा एकाएकी घामाघूम होऊन बरळू लागला आणि गिळू शकत असेल, तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा. डॉक्टरांना "याने इन्सुलिन घेतले आहे" हे स्पष्ट सांगावे. लाजेपोटी किंवा पोलिसांच्या भीतीपोटी मित्र हेच लपवितात आणि उपचाराची वेळ निघून जाते. येत्या रविवारी विहारात मुले जमतील तेव्हा या विषयावर अर्धा तास बोला, जमल्यास एखाद्या डॉक्टरांना बोलवा. चळवळीला हे तरुण जिवंत हवे आहेत.