आधी तपासावे, मग बसवावे

पायथन भाषेत प्रोग्रॅम लिहिताना दुसऱ्यांनी रचलेल्या लायब्रऱ्या वापरण्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु अनेक लायब्रऱ्या इतर लायब्रऱ्यांच्या ठरावीक आवृत्त्यांवर विसंबून असतात, याचा विद्यार्थ्यांस पुष्कळदा विसर पडतो. जून २०२४ मध्ये ‘नमपाय’ची २.० ही आवृत्ती निघाली, तेव्हा जुन्या आवृत्तीच्या आधारे बांधलेल्या कित्येक लायब्रऱ्या तिच्याबरोबर चालेनात. शाळेच्या सामाईक संगणकावर एकाने अशी नवी आवृत्ती बसविली, तर दुसऱ्याचे महिनाभराचे काम क्षणात अडून बसते.

लायब्रऱ्या बसविणारे ‘पिप’ हे साधन २०२० पासून अधिक दक्ष झाले आहे. एकाच वेळी मागितलेल्या लायब्रऱ्यांचा मेळ बसत नसेल, तर ते त्या बसविण्यास नकार देते. मात्र आधीपासून असलेल्या लायब्ररीशी विरोध आला, तर ते केवळ इशारा देऊन पुढे जाते. तो इशारा वाचणे आपल्याच हाती आहे.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, प्रत्येक कामासाठी निराळे ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’ करावे आणि लायब्ररी बसविल्यावर ‘पिप चेक’ ही आज्ञा अवश्य द्यावी. आपल्या सोयीपायी शेजाऱ्याचे काम बिघडू न देणे, हाही विद्येचाच भाग होय.