पिशवी, कातरण आणि पाचशेची ऑर्डर

कोल्हापुरातल्या प्रदर्शनांत छापील कापडाच्या रंगीबेरंगी पिशव्या टांगलेल्या दिसतात. सोबत चिठ्ठी असते, 'उरलेल्या कापडापासून बनविलेली'. या प्रकाराला अपसायकलिंग म्हणतात. मराठी प्रतिशब्द घडवायला हरकत नाही, पण या भागातल्या बायकांचे त्यावाचून कधी अडले नाही. जुन्या लुगड्यांची वाकळ आणि शिंप्याकडच्या कातरणाची पिशवी, एवढ्यात ते शास्त्र मावत असे.

पिशव्यांना माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो 'उरलेल्या' या शब्दाच्या सैल वापराला.

छापील कापड उरते कोठे, हे आधी पाहायला हवे. या परिसराला कापड नवे नाही. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. १९०६ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापडगिरणीचा पाया घातला. ती गिरणी २००३ मध्ये बंद पडली. परंतु मागावरून उतरते ते बव्हंशी कोरे कापड, आणि त्यातले बरेचसे रंगाई-छपाईसाठी बाहेरगावी जाते. म्हणजे छापील कापडाचे उरणे मागाच्या पुष्कळ पुढे घडते. गांधीनगरच्या घाऊक पेठेत ताग्याच्या शेवटी राहिलेला तुकडा, शिलाईच्या दुकानात कात्रीखालून पडलेले कातरण, आणि घरोघरच्या कपाटांतले ब्लाऊजपीस. ओटीत आलेले हे पाऊण-एक मीटरचे तुकडे न शिवताच एका घरातून दुसऱ्या घरी फिरत राहतात. क्वचित आपण दिलेला तुकडा दोन-तीन वर्षांनी आपल्याच ओटीत परत येतो! त्यातला एखादा वाटेत पिशवी झाला, तर त्याची भ्रमंती तरी संपेल.

या मालाचा स्वभाव असा की तो कधी एकसारखा नसतो. एका नक्षीचे दोन मीटर मिळतात, दुसरीचे वीतभर. मग पिशवीची एक बाजू निळी, दुसरी पिवळी, बंद तिसऱ्याच रंगाचे. आता एखादी संस्था परिषदेत वाटण्यासाठी एकाच नक्षीच्या पाचशे पिशव्या मागते, तेव्हा तितके कातरण येणार कोठून? नवा तागा फाडला जातो. चिठ्ठी मात्र तीच राहते.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये निरनिराळ्या पिशव्यांचा हिशेब मांडला. नव्या सुती कापडाची पिशवी साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायची तर, फक्त हवामानाचा निकष धरला तरी ती ५२ वेळा वापरावी लागते; सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. (या दुसऱ्या आकड्यामागे मुख्यतः ओझोनचा एकच निकष आहे, त्यामुळे तो जपून घ्यावा.) कातरणाच्या पिशवीला हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही, कारण कापूस, पाणी आणि रंग यांचा भार ज्या पोशाखासाठी ते कापड बनले त्याने आधीच उचललेला असतो. नवा तागा फाडला की तो सगळा भार पिशवीच्या माथी येतो.

महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, देशभर २०२२ मध्ये एकदाच वापरायच्या कित्येक प्लास्टिक वस्तू बंद झाल्या. कापडी पिशव्यांची मागणी त्यातून वाढणे साहजिक आहे. मात्र त्या शिवणाऱ्या बाईला मजुरी नगावर मिळते. कातरणाची पिशवी म्हणजे तुकडे निवडणे, इस्त्री करणे, जोडणे, शिवण दुमडून पक्की करणे. ताग्याची पिशवी म्हणजे सरळ दोन शिवणी. तेवढ्याच वेळात ताग्याच्या पिशव्या अधिक निघतात. वर गिऱ्हाईक बेरंगी जोडाची पिशवी हातात घेऊन घासाघीस करते आणि एकरंगी पिशवीचे पैसे मुकाट्याने देते. अशा स्थितीत तिने कातरण का निवडावे? तिला दोष देणे अन्यायाचे होईल. खोटी चिठ्ठी तिच्या नव्हे, मागणाऱ्याच्या हौसेतून जन्मते.

तेव्हा संमेलने, परिषदा, लग्नघरे यांनी ऑर्डर देताना माप एकच ठेवावे, नक्षी शिवणारीवर सोडावी आणि जोडशिलाईचे पैसे वेगळे मोजावेत.