मूठभर गूळ, चिमूटभर मीठ

अल्प उत्पन्नाच्या देशांतील आरोग्य कार्यकर्त्यांजवळ पैसा आणि साधने तुटपुंजी असतात, म्हणून त्यांच्या हातून होणारे भलेही तेवढेच राहणार, हा समज जलसंजीवनीच्या इतिहासापुढे टिकत नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेले पाणी पटकीच्या रुग्णांना तोंडाने पाजण्याची व्यवस्था केली. ग्लुकोज सोबत असले की आतडे सोडियम शोषून घेते व त्यामागून पाणीही ओढले जाते, या तत्त्वाच्या बळावर सुमारे ३० टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले.

हे पाणी घरोघरी पोहोचवणे मात्र निराळे आणि अधिक चिकाटीचे काम होते. बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेच्या स्त्री कार्यकर्त्यांनी १९८० पासूनच्या दशकात एक कोटीहून अधिक घरांतील मातांना मूठभर गूळ, तीन बोटांची चिमूट मीठ आणि अर्धा शेर पाणी ही कृती स्वतः करवून घेऊन शिकवली. कार्यकर्तीचा मोबदला तिने किती घरे पालथी घातली यावर नव्हे, तर काही आठवड्यांनी दुसऱ्याच कोणी येऊन विचारल्यावर त्या मातांना किती आठवते यावर ठरे. तरीही कृती पाठ असूनही, मूल हगवणीने बेजार झाल्यावर ती वापरणाऱ्या माता थोड्याच निघाल्या. शोध घेता असे दिसले की खुद्द कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता आणि घरातील पुरुषांशी कोणी नीट बोललेच नव्हते. म्हणून कार्यकर्त्यांना ढाक्याला नेऊन त्यामागचे शास्त्र समजावण्यात आले, आणि बाजारांत व मशिदींत पुरुषांपुढे हा विषय मांडला जाऊ लागला. अविश्वास नेमका कुठे दडला आहे हे ओळखणे, त्याच भाषेत आणि त्याच अंगणात वावरणाऱ्या माणसांना जितके साधते तितके दुरून पैसा पाठवणाऱ्याला क्वचितच साधते; स्थानिक कार्यकर्त्याचे खरे भांडवल ते हेच.

आपल्याकडील मासिक अहवालांत मात्र बैठका, प्रशिक्षणे आणि वाटलेल्या पुड्या यांचीच मोजदाद चालते. त्या रकान्यांशेजारी आणखी एक रकाना तातडीने हवा, आणि तो भरण्यासाठी प्रत्येक मातेला एवढेच विचारावे लागेल: मागच्या खेपेला बाळाला हगवण लागली, तेव्हा त्याला प्रत्यक्षात काय पाजले?