ओस वाडीच्या दफनभूमीची नोंद कोण करणार?

इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण सापडलेच नाहीत आणि २३ जुलैला नातेवाइकांशी बोलून शोध थांबवण्यात आला. २०२१ साली महाडच्या तळियेतही काही माणसे अशीच मातीखाली राहिली. वाचलेल्यांसाठी सिडकोने चौकजवळ घरे बांधली, ते योग्यच झाले. पण वरची जागा आता दफनभूमी झाली आहे, तिचे काय? डोंगरावर दोन पावसाळ्यांत गवत आणि करवंदीच्या जाळ्या माजतात. कुणाचे घर कुठे होते हे आज वाडीतली माणसे बोट दाखवून सांगतील, त्यांच्या नातवंडांना ते जमणार नाही.

प्रश्न फक्त दरडीचा नाही. कर्जत-खालापुरात ठाकूर, कातकरी समाजाच्या वाड्या पाण्यापायी, कामापायी जागा बदलत आल्या. वाडी उठली तरी पुरलेली माणसे तिथेच राहतात. वर चार दगड, एखादे झाड, एवढीच खूण. मग जमिनीचा व्यवहार होतो, फार्महाऊसवाला जेसीबी लावतो, नाहीतर आपलाच शेतकरी मजगी पाडतो आणि ते दगड बांधात जातात. दर वेळी त्यात वाईट बुद्धी असते असे नाही. सातबाऱ्यावर काहीच नसेल तर घेणाऱ्याला कळणार कसे?

कायद्यात सोय आहे. दफन किंवा दहनासाठी वापरातली जागा पोटखराब वर्ग 'ब' मध्ये धरली जाते, तिला आकार लागत नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर वर्ग 'अ' चे क्षेत्र लागवडीखाली आणता येते, 'ब' ला ती मुभा नाही. खरी अडचण वेगळीच आहे. वापर बंद पडलेली जागा दफनभूमी होती हे दाखवायचे कशावरून? तिथे पुरावा आपणच गोळा करायला हवा.

राबासाठी गवत-पालापाचोळा निघाला की फाल्गुन-चैत्रात उतार उघडा पडतो. शोधायची वेळ तीच. वाडीतली म्हातारी माणसे बरोबर घ्यावीत, आणि बायकांनाही जरूर विचारावे. गेलेले मूल कुठे ठेवले हे आईला पक्के ठाऊक असते. खणायचे अजिबात नाही. जवळच्या हद्दीच्या दगडापासून टेपने अंतरे घ्यावीत, चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मोबाईलवर टिपावेत, फोटो काढावेत. आठवतील तेवढी नावे वहीत उतरवून त्यावर पंचांच्या सह्या, अंगठे घ्यावेत.

पुढे ग्रामसभेचा ठराव करून तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा आणि तलाठी भाऊसाहेबांकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) नोंदीची मागणी लेखी द्यावी, पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले दफ्तरात राहत नाही. जमीन वनखात्याची असेल तर गावच्या वनहक्क समितीमार्फत जावे लागेल, आणि तिथे वेळ लागतो.

इर्शाळवाडीच्या बाबतीत हे काम आजच सोपे आहे, कारण सांगणारी माणसे चौकलाच आहेत. घरवार नकाशा आणि त्यावर ५७ नावे, एवढे दोन-तीन दिवसांत होईल. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायला कुणाच्या मंजुरीची गरज नाही.