कर्ज फेडणे हीसुद्धा उपासना आहे

मननासाठी वचने: २ राजे ४:१-७, नहेम्या ५:१-१३, गलतीकरांस ५:२२-२३



आपल्या प्रार्थनासभेत लोक कशाकशासाठी प्रार्थना मागतात ते आठवून पाहा. आजारपण, मुलांच्या परीक्षा, नोकरी, लग्न जमणे, घरातले व्यसन. या सगळ्यांची नावे घेऊन आपण प्रार्थना करतो. पण कर्जाचे नाव कोणी घेत नाही. "एक खासगी विनंती आहे" एवढेच म्हणून माणूस खाली बसतो. कर्करोगाचे नाव मोठ्याने घ्यायला आपण शिकलो, कर्जाचे घ्यायला अजून शिकलो नाही. कर्ज चोरपावलांनी घर पोखरते, आणि आपली ही लाजच त्याला साथ देते, असे माझे मत आहे.

आमच्या जवाहर चौकात आज कोणतीही वस्तू घ्यायला खिशात पैसे असावे लागत नाहीत. मोबाइल, फ्रिज, सोफा, मुलाची बाईक, सगळे किस्तीवर मिळते. (इकडे भोपाळात मराठी घरांतही हप्त्याला किस्तच म्हणतात.) पूर्वी उधारी मागायला वाण्यासमोर मान खाली घालून उभे राहावे लागे, आणि त्या दोन मिनिटांत माणूस विचार करत असे. आता रात्री साडेअकराला अंथरुणात पडल्या पडल्या अंगठ्याने कर्ज घेता येते. कोणी पाहत नाही, कोणी विचारत नाही.

याचा शेवट कुठवर जाऊ शकतो हे आपल्या शहराने पाहिले आहे. जुलै २०२३ मध्ये भोपाळच्याच नीलबड भागात आईवडील आणि दोन लहान मुले, असे एक पूर्ण कुटुंब संपले. ऑनलाइन कामाच्या नावाखाली फसवणूक झाली, त्यात ॲपवरचे कर्ज वाढत गेले, मग धमक्या आणि बदनामी सुरू झाली. बातमी वाचून आपण सगळे हळहळलो. पण त्या हळहळीतून एक प्रश्न उरायला हवा होता: आपल्या पॅरिशमधले एखादे घर अशा अवस्थेत असेल, तर ते आपल्यापैकी कोणाकडे येईल?

दोन चुकीची उत्तरे

कर्जाबद्दल विश्वासणाऱ्यांमध्ये दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. पहिले उत्तर असे की कर्ज हे पाप आहे, ज्याने केले त्याने भोगावे. दुसरे असे की विश्वास ठेवा, देव चमत्कार करील आणि कर्ज उतरेल. पहिल्या उत्तरात दया नाही. दुसऱ्यात आज्ञापालन नाही. पवित्र शास्त्र या दोन्हींपेक्षा वेगळे बोलते.

अलिशा संदेष्ट्याकडे आलेल्या विधवेची गोष्ट आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना तेलाचा चमत्कार म्हणून शिकवतो. ती खरे तर कर्जाची गोष्ट आहे. नवरा देवाला भिऊन वागणारा होता, तरी कर्ज मागे ठेवून गेला. सावकार दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला निघाला आहे. अलिशा तिला रागावत नाही, कर्ज का केलेस असे विचारत नाही. तो विचारतो, तुझ्या घरात काय आहे? ती म्हणते, तेलाची एक कुपी. मग तो तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, आणि तीही थोडीथोडकी नव्हेत. तेल वाढते. शेवटी आज्ञा काय? तेल विक, आधी कर्ज फेड, आणि उरेल त्यावर तू आणि तुझी मुले जगा.

या गोष्टीतला क्रम पाहा. आधी घरात काय आहे याचा खरा हिशेब. मग शेजाऱ्यांची दारे ठोठावणे, म्हणजे लाज सोडणे. मग दार लावून स्वतः ओतण्याचे कष्ट. मग कर्ज, आणि त्यानंतर घरखर्च. चमत्कार झाला, पण देवाने थेट सावकाराची वही कोरी केली नाही. त्या बाईच्या हातून, तिच्या भांड्यांतून, बाजारात तेल विकून कर्ज फिटले. म्हणून मी म्हणतो की कर्ज फेडणे हीसुद्धा उपासना आहे. दिलेला शब्द पाळणे, दुसऱ्याचे त्याला परत करणे आणि त्यासाठी रोज स्वतःला थोडे आवरणे ही देवाचीच सेवा आहे.

इंद्रियदमन: यादीतले शेवटचे फळ

संत पौलाने आत्म्याची फळे सांगितली. प्रीतीपासून सुरुवात केली आणि शेवट आत्मसंयमाने केला. आपल्या जुन्या मराठी बायबलमध्ये त्यासाठी इंद्रियदमन असा भारदस्त शब्द आहे. तो शब्द ऐकला की आपल्याला उपवास, ब्रह्मचर्य, तपस्वी आठवतात. मोबाइलवरचे बटण न दाबणे हेही इंद्रियदमनच आहे, हे लक्षात येत नाही.

पैशाची शिस्त आणि शरीराची शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. रात्री एकपर्यंत जागणारा माणूस सकाळी उशिरा उठतो, डबा करायला वेळ राहत नाही, म्हणून बाहेरचे खातो, बस चुकते म्हणून ऑटो करतो, दिवसभर चिडचिड होते म्हणून पुडी फोडतो, आणि संध्याकाळी मन रमवायला पुन्हा मोबाइल उघडतो. एका न झोपण्यामागे पाच खर्च उभे आहेत. मध्य प्रदेशात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी मसाला आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या घेऊन लोक त्या एकत्र करतातच. कायदा दुकानदाराचा हात धरू शकतो, आपला हात आपल्यालाच धरावा लागतो.

एक साधा हिशेब मांडू. क्रेडिट कार्डावर पन्नास हजारांची बाकी आहे आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे असे धरा. महिन्याचे व्याज झाले १,७५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३१५ रुपये. बँकेने किमान भरणा पाच टक्के, म्हणजे २,५०० रुपये सांगितला आणि आपण तेवढाच भरला, तर मुद्दलातून किती गेले? फक्त ४३५ रुपये. असेच किमान भरत राहिलो तर सहा वर्षांनीही जवळपास निम्मे कर्ज शिल्लक असते.

आता दुसरी बाजू पाहा. रोजच्या ४० रुपयांच्या पुड्या बंद केल्या तर महिन्याला १,२०० वाचतात. आठवड्यातून दोनदा बाहेरून मागवलेले ३०० रुपयांचे जेवण बंद केले तर २,४०० वाचतात. हे ३,६०० त्याच २,५०० मध्ये घालून दर महिन्याला ६,१०० भरले आणि कार्डावर नवी खरेदी केली नाही, तर तेच कर्ज अकराव्या महिन्यात संपते. फुप्फुसे आणि पोट यांचे भले झाले ते वेगळेच. दरवर्षी प्रायश्चित्तकाळात आपण चाळीस दिवस काहीतरी सोडतोच. सोडायची ताकद आपल्यात नाही असे कोणी म्हणू नये. फक्त ईस्टरच्या दुपारी ती ताकद आपण खुंटीला टांगून ठेवतो.

दोष एकट्या कर्जदाराचा नाही

पण सगळा उपदेश कर्जदारालाच करून थांबलो तर तो अन्याय होईल. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात लोक रडत येतात. धान्यासाठी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण पडली आहेत, मुलेमुली दास्यात गेली आहेत. नहेम्या गरिबांना काटकसरीवर प्रवचन देत नाही. तो श्रीमंतांची सभा बोलावून त्यांना खडसावतो आणि शेते, घरे, घेतलेला शंभरावा हिस्सा परत करायला लावतो. तो शंभरावा हिस्सा म्हणजे दरमहा एक टक्का व्याज असे अनेक भाष्यकार मानतात. एका टक्क्यावर नहेम्या संतापला. आपल्या कार्डावरचा साडेतीन टक्के पाहून तो काय म्हणाला असता?

आणि कर्ज नेहमी उधळपट्टीतून होत नाही. आजारपण येते, नोकरी जाते, शाळेची फी थांबत नाही. काही कर्जे तर आपणच एकमेकांवर लादतो. बाप्तिस्मा, प्रथम कम्युनियन, लग्न. गेल्या वर्षी शेजाऱ्याने तीनशे माणसे जेवू घातली म्हणून यंदा आपण साडेतीनशे. संस्कार विनामूल्य कृपेचा असतो, हॉलचे भाडे आणि केटरर मात्र किस्तीवर येतो. मिस्सेनंतर चहा-केकवर समारंभ उरकणाऱ्या कुटुंबाकडे आपण कौतुकाने पाहू लागलो, तर पुढची दहा कुटुंबे कर्जातून वाचतील. हे काम बँक करू शकत नाही. ते आपल्या नजरेचे काम आहे.

वसईने काय केले

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाला या बाबतीत एक वारसा आहे. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी वसईचे ख्रिस्ती शेतकरी सावकारी पाशात होते. तिथे मोन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी १९१८ मध्ये लोकांना एकत्र करून सहकारी पतसंस्था उभी केली. तीच आजची बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक.

या चळवळीचे मूळ जर्मनीतील राइफायझेन या श्रद्धावान गावप्रमुखाच्या कामात आहे. कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांसाठी त्याने १८६४ मध्ये अशी पतसंस्था काढली, आणि भारतातला १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा त्याच नमुन्याकडे पाहून आला. कल्पना साधी होती. एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी थोडे थोडे साठवायचे, त्यातून गरजूला कमी व्याजाने द्यायचे, आणि तो ते कशासाठी घेतो हे सगळ्यांना माहीत असायचे. शेजाऱ्याची नजर हीच हमी. विधवेच्या गोष्टीतली शेजाऱ्यांची भांडी ती हीच.

आपण भोपाळचे मराठी ख्रिस्ती संख्येने थोडे आहोत, बँक काढू शकणार नाही. पण दहा-बारा कुटुंबांचा बचतगट चालवणे अशक्य नाही. अनेक पॅरिशमध्ये सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी घरोघरी भेटी देतेच. त्या भेटीत धान्याच्या पिशवीबरोबर कर्जाचा कागद नीट लावून द्यायला बसणारा एक निवृत्त बँक कर्मचारीही असावा.

दशमांशाचे काय?

हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. कर्ज असताना दान द्यावे का? माझे मत स्पष्ट आहे. थोडे द्या, मनापासून द्या, पण दान देण्यासाठी कर्ज काढू नका आणि हप्ता चुकवून दान देऊ नका. मार्क सातव्या अध्यायात प्रभु येशू अशा लोकांना दोष देतो, जे आईवडिलांना द्यायचे ते देवाला अर्पण केले असे सांगून कर्तव्यातून सुटत होते. ज्यावर दुसऱ्याचा हक्क आहे ते वेदीवर ठेवल्याने पवित्र होत नाही. कर्ज फिटेपर्यंत वेळ द्या, गायनमंडळात आवाज द्या, आजाऱ्याला भेट द्या. तेही अर्पणच आहे.

आजपासून काय करावे

एक: सगळी कर्जे एका कागदावर लिहा. कोणाचे, किती, व्याज किती, तारीख कोणती. नातेवाइकांकडून घेतलेले हातउसनेही लिहा. तो कागद पतीने पत्नीला आणि पत्नीने पतीला दाखवावा. लपवलेले कर्ज दुप्पट जड असते.

दोन: नवे कर्ज बंद. एका कर्जाने दुसरे फेडायचे असेल तर व्याज खरोखर कमी होत आहे का हे जाणत्याला दाखवूनच करा.

तीन: सगळ्यांचा किमान हप्ता भरा, आणि वाचेल तो प्रत्येक रुपया सर्वांत जास्त व्याजाच्या कर्जावर घाला. हप्ता झेपत नसेल तर फोन बंद करून बसू नका. आधीच बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा.

चार: एकच सवय धरा. रात्री दहानंतर मोबाइल दुसऱ्या खोलीत. किंवा न्यू मार्केटला ऑटोऐवजी पायी. किंवा रोजचा डबा. एक जमली की दुसरी. फळ एका रात्रीत पिकत नाही. चुकलात तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा.

पाच: आपला हक्क जाणा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधले नातेवाइकांचे नंबर घेता येत नाहीत. धमकी आली तर पुरावा जपा आणि पोलिसांकडे जा.

सहा: मन फार खचले, जगणे नको वाटू लागले, तर त्याच क्षणी कोणाला तरी सांगा. धर्मगुरूंना सांगा, शेजाऱ्याला सांगा, किंवा १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. तो विनामूल्य आहे आणि रात्रंदिवस चालू असतो. कोणतेही कर्ज तुमच्या जिवापेक्षा मोठे नाही.

आणि ज्यांचे देणे नाही, उलट येणे आहे, त्यांनी मत्तय अठराव्या अध्यायातला तो चाकर विसरू नये. स्वतःचे प्रचंड ऋण माफ झालेले असताना त्याने सोबत्याचा गळा धरला. हातउसने दिलेला भाऊ रविवारी चर्चमध्ये तोंड चुकवू लागला असेल, तर पैशांआधी त्याची चौकशी करा. पैसे उशिरा येतील. माणूस मिस्सेला यायचा थांबला तर ते नुकसान मोठे आहे.

प्रार्थना करू या:

हे प्रभु येशू, आमचे न फिटणारे ऋण तू क्रुसावर फेडलेस. आमच्यावर माणसांचे जे देणे आहे ते प्रामाणिकपणे फेडायला आम्हांला बळ दे. जिभेला, हाताला आणि इच्छेला आवर घालायला शिकव. कर्जाच्या चिंतेने आज ज्या घरात झोप नाही, त्या घराचे दार ठोठावायला आमच्यातल्या कोणाला तरी पाठव. आमेन.