सेवा टिकायची तर सेविका टिकली पाहिजे

‘शाश्वत विकास’ हा शब्द आपण जंगल, कोळसा आणि पाण्याच्या संदर्भात ऐकतो. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने त्याचा अर्थ साधा सांगितला : आजची गरज भागवा, पण पुढच्या पिढीची गरज मारू नका. हाच नियम माणसांच्या सेवेलाही लागू आहे.

शेजारच्या गडचिरोलीचे उदाहरण घ्या. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकविले. वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग झाल्यास औषध देणे. तिथे पहिल्या महिन्यातच हजारी ६२ बाळे दगावत होती. १९९७-९८ पर्यंत तो आकडा सुमारे २५ वर आला. ज्ञान गावातच राहिले म्हणून काम टिकले. २०११ पासून असेच काम देशभरच्या आशाताईंकडे आले.

पण ही आशाताई सरकारी कागदावर ‘स्वयंसेविका’ आहे. तिला पगार नाही, मोबदला आहे. २०२३ साली राज्यातील आशांना संपावर जावे लागले. कारखान्याच्या हिशेबात यंत्राचा घसारा दरसाल मांडतात. सेवा करणाऱ्या बाईचा घसारा कोण मांडतो? घरीही तेच. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचे सगळे सून करते, आणि तिचीच कंबर गेली की दोघांचेही हाल होतात.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या बिलाला पाठिंबा दिला. मजूरमंत्री असताना १९४३ साली खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती भत्त्याच्या कायद्यात दुरुस्ती मांडली. आईची विश्रांती ही मेहेरबानी नव्हे, तिचा भार एकट्या बाईवर नको, हा त्यामागचा विचार. कोळशाच्या खाणी असलेल्या आपल्या जिल्ह्याने तरी तो विसरू नये.

तेव्हा बंधू-भगिनींनो, येत्या वर्षावासात एवढे करा. विहारात वंदनेनंतर वस्तीतील आजारी व वृद्धांची यादी करा. त्यांची सेवा करणारीला आठवड्यातून एक दुपार सुट्टी मिळेल अशी पाळी लावा, आणि त्या पाळीत पुरुषांची नावेही घाला. ताप मोजणे, कूस बदलणे, जखम पुसणे हे चार तरुणांनी जाणत्या माणसाकडून शिकून घ्यावे. आशाताईंनी पगारासाठी निवेदन दिले, तर त्यावर आपल्या मंडळाची सही असावी.

जय भीम!