फॉरवर्डच्या पलीकडचा फोन

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात पूर आला तेव्हा मी दहावीत होते. मराठी चॅनेलवर कोल्हापूर-सांगली दिसत होतं, कन्नड चॅनेलवर मोठ्या नद्या आणि मंत्र्यांचे दौरे. खानापूर तालुक्यातलं आमच्या मावशीचं गाव मात्र कुठंच नव्हतं. रात्री एका ग्रुपवर मेसेज आला : धरणाला तडा गेलाय, सगळ्यांना लगेच कळवा. कुठलं धरण, कुणी बघितलं, काही नाही. मी तो मावशीला पाठवला. आपण किती चांगलं काम केलं असं वाटून झोपलेसुद्धा.

तिकडं काकांनी भर पावसात, अंधारात, आपल्या म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेऊन उंचावरच्या शाळेत नेलं. सकाळी मावशीची व्हॉइस नोट आली : ‘‘अगं बाळ, धरणाला कायबी झालं नाही. पूल तेवढा पाण्याखाली हाय, मी सोता जाऊन बघून आलो. म्हातारीला ताप भरलाय, बाकी सगळी बरी हाव.’’

मेसेज मीच पाठवला होता, पण ती रागावली नाही. मला मात्र ती नोट अजून टोचते. अर्ध्या मिनिटात तिने पूल, धरण आणि माणसं या तिन्हींची खबर दिली होती. तीही तिच्या मराठीत, जिथं बाईसुद्धा ‘आलो’ म्हणते. या मराठीत बातम्या देणारं चॅनेल मी तरी बघितलेलं नाही.

‘मोबाइलमुळे सामान्य माणसाच्या हातात ताकद आली’ हे वाक्य आपण निबंधात शाळेपासून लिहितो. पण नेमकी कुठली ताकद? माझं मत असं की फॉरवर्ड करणं ही ताकदच नव्हे. त्यात आपण दुसऱ्या कुणाचा तरी भोंगा होतो, आणि तो भोंगा कुणाचा हेही आपल्याला माहीत नसतं. खरी ताकद मावशीच्या नोटमध्ये आहे. तिने स्वतः बघितलं, स्वतःच्या बोलीत सांगितलं, आणि त्याखाली तिचं नाव होतं.

याचं एक मोठं उदाहरण छत्तीसगडमध्ये आहे. गोंडी बोलणारे लोक २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास ३० लाख. आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात, गडचिरोलीतही ते आहेत. पण गोंडी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही आणि तिच्यात दैनिक बातमीपत्र मिळणं मुश्कील. रेडिओचं म्हणाल तर खासगी एफएम आणि कम्युनिटी रेडिओला आपल्या देशात स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. अशा ठिकाणी शुभ्रांशु चौधरी या पत्रकाराने २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वर’ सुरू केलं. पद्धत साधी आहे. एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, तिकडून उलट फोन येतो, एक बटण दाबून आपलं म्हणणं रेकॉर्ड करायचं, दुसरं दाबून इतरांचं ऐकायचं. स्मार्टफोन नको, लिहिता-वाचता येण्याचीही अट नाही. रोजगार हमीची मजुरी थकली, हातपंप बंद पडला, अशा तक्रारी लोक स्वतःच्या आवाजात सांगतात. ऐकणारे शहरातले लोक संबंधित अधिकाऱ्याला फोन करतात. काम झालं की तोच गावकरी पुन्हा फोन करून ‘झालं’ म्हणून सांगतो.

कुणी म्हणेल, पेपरला संपादक असतो, इथं कोण आहे? हा आक्षेप खोटा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणायचं ठरवलं. म्हणजे तोच फोन, तेच सामान्य लोक. एकीकडे मजुरी मिळते, दुसरीकडे जीव जातो. आणि राईनपाड्याची आठवण आली की मला माझा तो रात्रीचा मेसेज आठवतो. माझ्या चुकीची किंमत एका म्हातारीच्या तापावर भागली, एवढंच.

म्हणून मला संपादक नकोत असं नाही. सीजीनेट स्वरवरही आलेलं रेकॉर्डिंग आधी कुणीतरी ऐकतं, तपासतं, मगच पुढं जातं. फरक एवढाच, की तिथं काय बोलायचं हे गावातला माणूस ठरवतो, आणि तपासणारा त्याच्या मदतीला असतो. मोठ्या माध्यमांत बरेचदा उलटं घडतं. विषय आधी ठरतो, मग त्यात बसणारा माणूस शोधतात.

आता आपल्या मंडळाबद्दल. आपण सीमाभागात राहून मराठी टिकली पाहिजे म्हणतो, आणि अंक मात्र पुस्तकी मराठीतच काढतो. आपला अंक ई-मासिक आहे, त्यात आवाज घालायला छपाईचा खर्च येत नाही. माझी सूचना अशी : पुढच्या अंकापासून प्रत्येकाने घरातल्या, गल्लीतल्या एका माणसाची दोन मिनिटांची क्लिप आणावी. त्याने स्वतः बघितलेली गोष्ट, त्याच्याच बोलीत, त्याला विचारून. आपण संपादकांनी फक्त खरंखोटं तपासायचं, भाषेला हात लावायचा नाही.

पहिली क्लिप मी देणार आहे, पुराच्या सकाळची. मावशीला परवानगी विचारली तर म्हणाली, ‘‘घाल की. पण माझं बोलणं ऐकून तुमच्या कॉलेजातली पोरं हसणार न्हवं?’’

मी नाही म्हणून सांगितलंय. माझा शब्द राखा.